‘एक हिंदू स्त्री’ : एकोणिसाव्या शतकातील निनावी पत्रे आणि त्यांची किंमत

१/
२६ जून १८८५. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर एक दीर्घ पत्र प्रसिद्ध झाले. पत्राखाली नाव नव्हते. ‘अ हिंदू लेडी’, म्हणजे ‘एक हिंदू स्त्री’, एवढीच सही होती. लेखिकेने आपले नाव वा घराणे सांगितले नव्हते. पण जे लिहिले ते स्वतःविषयी, प्रथमपुरुषी एकवचनात लिहिले होते. बालपणी लावलेल्या विवाहाने आपल्या आयुष्यातील सुख नाहीसे केले, विद्याभ्यास ही आपल्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट त्या विवाहामुळे दुरावली आणि काहीही अपराध नसताना आपल्या वाट्याला एकांतवास आला, असा त्या कथनाचा गाभा होता.

त्या काळी सामाजिक सुधारणेवरील पत्रे वृत्तपत्रांत नित्य येत. त्यांत ‘मी’ म्हणणारी स्त्री मात्र क्वचितच असे.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ऑगस्ट १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या दोन विषयांवर टिपणे प्रसिद्ध केली व ती सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित हिंदी गृहस्थांकडे अभिप्रायासाठी पाठवली. त्यावरून देशभर वाद पेटला. कायदा करावा की न करावा, शास्त्र काय सांगते, सरकारने धर्मात हात घालावा का, या प्रश्नांवर रकानेच्या रकाने भरले. चर्चा ज्यांच्याविषयी होती त्या मात्र चर्चेत जवळजवळ नव्हत्या. ‘एक हिंदू स्त्री’चे पत्र या मोकळ्या जागेत येऊन पडले.

लेखिका होत्या रखमाबाई. वय २० वर्षे. विवाह अकराव्या वर्षी, दादाजी भिकाजी यांच्याशी झालेला. त्या पतीकडे कधी नांदायला गेल्याच नव्हत्या आणि आता जाण्यास त्यांनी नकार दिला होता. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा मार्ग धरला. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे होते. पण एप्रिल १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे पत्र छापून आले तेव्हा पाठीराखा जाऊन दोन-सव्वादोन महिनेच झाले होते आणि दावा प्रलंबित होता. नाव झाकण्यामागे लाजेपेक्षा हे व्यावहारिक संकट मोठे असावे.

३/
येथे थोडे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. एकोणिसाव्या शतकात निनावी लिहिणे कितपत सुरक्षित होते? आणि सुरक्षित कोणासाठी?

कायदा काय सांगत होता ते पाहू. १८३५ साली मेटकाफ यांच्या कारकिर्दीत छापखान्यांवरील परवान्याचे बंधन उठले. त्याऐवजी अट आली ती मुद्रक आणि प्रकाशकाने स्वतःची नोंद करण्याची. पुढे १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि पत्रावर मुद्रकाचे नाव आणि छापल्याचे ठिकाण देणे, तसेच प्रकाशकाचाही नामनिर्देश करणे बंधनकारक केले. (दैनिकाच्या तळाशी बारीक अक्षरांत जी मुद्रक-प्रकाशकाची ओळ आजही दिसते, तिचे मूळ हे.) लेखकाने नाव द्यावे अशी सक्ती मात्र या कायद्यात नव्हती. लेखक अदृश्य राहू शकत होता, कारण त्याच्या जागी पकडता येईल असा एक माणूस कायद्याने आधीच उभा करून ठेवला होता.

४/
हा माणूस खरोखर पकडला जाई. १५ जून १८९७ च्या केसरीत ‘शिवाजीचे उद्गार’ ही पद्यरचना ‘भवानी तलवार’ या खुणेखाली प्रसिद्ध झाली. आठवडाभरात, २२ जूनला, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. खटल्यात त्यांच्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात आणखी एक जण होता : आर्यभूषण छापखान्याचे केशव महादेव बाळ. बाळ निर्दोष सुटले. टिळकांना नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी ठरवले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची सक्तमजुरी. तलवारीवर खटला भरता येत नाही, संपादकावर येतो.

५/
आता लेखकाच्या बाजूने पाहू. निनावी पत्र लिहिणाऱ्याला पहिली भीती हस्ताक्षराची. मराठी पत्रव्यवहार तेव्हा प्रायः मोडीत चाले आणि छपाई बालबोधात होई. शिळाछाप असो वा खिळ्यांचा छाप, मधे कोणीतरी ते पत्र नव्याने लिही किंवा जुळवी. मूळ वळण वाचकापर्यंत पोहोचतच नसे. दुसरी भीती टपालाची. १८५४ नंतर अर्ध्या आण्याचे तिकीट लावून पत्र देशात कोठेही धाडता येऊ लागले. तरी टपालकचेरीची मोहर गाव सांगून टाकीच. लहान गावात वृत्तपत्राला पत्र लिहिण्याइतके शिकलेले असे किती जण असणार? तिसरी भीती सर्वांत मोठी, आणि ती आशयाची. जी घटना फक्त दोघांनाच ठाऊक आहे ती लिहिली की सही कोणतीही असो, लेखक उघडा पडतो.

हस्ताक्षर मात्र संपादकाच्या मेजावर राहतच असे. म्हणून निनावी लेखनाचा सारा डोलारा वृत्तपत्राच्या कचेरीतील विश्वासावर उभा होता. इंग्रजी वृत्तपत्रांत यासाठी एक संकेत रूढ होता : पत्रलेखकाने टोपणनाव खुशाल घ्यावे, पण खरे नाव व पत्ता संपादकाकडे द्यावा, प्रसिद्धीसाठी नव्हे, सद्भावाची हमी म्हणून. वाचकांपासून नाव लपवायचे, उत्तरदायित्वापासून लपायचे नाही, असा त्याचा अर्थ.

६/
मराठी माणसांच्या निनावी लेखनाची परंपरा रखमाबाईंच्या आधी चार दशके सुरू झाली होती. १८४१ साली बॉम्बे गॅझेट या इंग्रजी पत्रात आठ पत्रे प्रसिद्ध झाली. सही होती ‘अ हिंदू’. कंपनी सरकार या देशाची संपत्ती कशी शोषून नेत आहे, हे त्या पत्रांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत, राज्यकर्त्यांच्याच वृत्तपत्रात मांडले. दादाभाई नौरोजी तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. संपत्तीच्या निःसारणाचा त्यांचा सिद्धांत अजून बराच दूर होता.

पत्रलेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर, दादोबा आणि आत्माराम पांडुरंग यांचे बंधू. वय पंचविशीच्या आसपास. १८४७ मध्ये, तिशी-एकतिशीतच, ते वारले. त्यांचे नाव व्यापक अभ्यासविश्वासमोर नव्याने आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इतिहासकार ज. वि. नाईक यांच्या लेखनामुळे. टोपणनाव लेखकाला सरकारपासून वाचवते, तसे ते त्याला इतिहासापासूनही लपवून ठेवते. तर्खडकरांच्या बाबतीत हा दुसरा परिणाम सव्वाशेहून अधिक वर्षे टिकला.

७/
योगायोग असा की त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १८४१ रोजी, भाऊ महाजन यांनी मुंबईत ‘प्रभाकर’ सुरू केला आणि याच प्रभाकराने मराठीतील सर्वांत प्रसिद्ध टोपणनाव घडवले. १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने त्यात पत्रे येत राहिली. लेखक गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. पहिले पत्र आले तेव्हा वय जेमतेम पंचवीस. पुढे ही पत्रे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली, जरी त्यांची संख्या १०८ आहे.

लोकहितवादींची भाषा सौम्य नव्हती. भटभिक्षुकांवर, शब्दपाठालाच विद्या समजणाऱ्या पंडितांवर, स्त्रियांना कोंडून ठेवणाऱ्या रूढींवर त्यांनी असे घाव घातले की आजही काही पत्रे वाचताना दचकायला होते. देशमुख स्वतः ब्राह्मण होते; ज्या वर्गावर ते तुटून पडत होते त्याच वर्गात त्यांचे सगेसोयरे होते. परंतु रोख वर्गावर, वृत्तीवर, रूढीवर होता. अमुक गावच्या तमुक भटाने काय केले, अशी चहाडी ही या पत्रांची रीत नव्हती.

८/
‘निनावी’ आणि ‘टोपणनावी’ यांत एक फरक आहे, तो येथे स्पष्ट होतो. एकच पत्र टाकून नाहीसा होणारा लेखक कोणालाच उत्तर देणे लागत नाही. १०८ पत्रे एकाच नावाने लिहिणाऱ्याची मात्र पत बनते. काल काय म्हटले होते आणि आज काय म्हणत आहे, हे वाचक ताडून पाहतो. विसंगती आढळली तर ती त्या नावाच्या माथी बसते. ‘लोकहितवादी’ हे नाव इतके भारदस्त झाले की कालांतराने त्याने मूळ नावालाच झाकून टाकले. रावबहादूर गोपाळराव देशमुख म्हटले तर आज अनेकांना क्षणभर आठवावे लागते.

९/
आता याच परंपरेची अंधारी बाजू, आणि तिच्यासाठी पुण्याहून कोल्हापूरकडे वळावे लागेल.

१८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा सुरू झाले. केसरीतील लेखांखाली लेखकाचे नाव नसे. जे काही छापले जाई ते सगळ्या चमूचे मानले जाई. त्याच वर्षी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्याविषयी अस्वस्थ करणाऱ्या वार्ता पुण्यात येऊ लागल्या. इंग्रज अधिकारी महाराजांना वेडसर म्हणत. पुण्यातील जनमत म्हणे की वेडाच्या नावाखाली त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे. अशा तापलेल्या वातावरणात काही पत्रे पुढे आली. ती बर्व्यांनीच लिहिली आहेत असे सांगण्यात आले आणि त्यांतून महाराजांविरुद्धच्या कटाचा सुगावा लागत होता. टिळक-आगरकरांचा त्यांवर विश्वास बसला. केसरी आणि मराठ्यातून बर्व्यांवर उघड आरोप झाले.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट ठरली.

१०/
संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यापूर्वी जामिनाचे दहा हजार रुपये भरले ते जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी. दोन्ही तरुण संपादक पंचविशी-सव्विशीतले. प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहून ऑक्टोबरच्या अखेरीस सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, आणि केसरीच्या इतिहासात हा प्रसंग पहिली अग्निपरीक्षा म्हणून सांगितला जाऊ लागला.

ते बरोबरच आहे; पण त्या कथेत एक माणूस सहसा गाळला जातो. माधवराव बर्वे यांनी जी पत्रे लिहिलीच नव्हती, ती त्यांच्या नावाने गावभर वाचली गेली. टिळक-आगरकरांना सुटकेनंतर सत्कार मिळाले, आणि बर्वे मात्र शालेय पुस्तकांत आजही खलनायकाच्या अर्ध्या ओळीपुरतेच उरले आहेत. बनावट पत्र म्हणजे निनावी लेखनाचे सर्वांत वाईट रूप : लिहिणारा स्वतःचे नाव नुसते लपवत नाही, तर दुसऱ्याचे चोरतो.

११/
आणखी एक हानी झाली. महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या विशीत, अहमदनगर येथे ब्रिटिश पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे प्रश्न खरा होता. पण ज्या पुराव्याच्या बळावर तो मांडला गेला तो खोटा निघाल्याने, १८८२ नंतर या विषयावर कठोरपणे बोलणाऱ्या प्रत्येकाला त्या बनावट पत्रांची आठवण करून देता येत होती. खऱ्या तक्रारीला खोट्या पत्राइतका मोठा शत्रू नसावा.

१२/
तीन वर्षांनी रखमाबाईंनी लेखणी उचलली तेव्हा हे प्रकरण मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांच्या स्मरणात ताजे होते. म्हणून त्यांच्या पत्रात काय आहे याइतकेच काय नाही हे पाहण्यासारखे आहे.

त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. ज्या माणसाने त्यांच्यावर दावा ठोकला होता त्याचे नाव, त्याचे वागणे, त्याच्या घरची स्थिती, हे सारे निनावी पत्रातून सहज चव्हाट्यावर आणता आले असते. शहरातील सर्वांत मोठे इंग्रजी वृत्तपत्र हाताशी होते आणि संपादक हेन्री कर्वेन यांची सहानुभूतीही. दादाजींना त्या पत्राला उत्तर देणेही अवघड गेले असते. उत्तर देताच पत्रातील माणूस आपणच, ही कबुली झाली असती. रखमाबाईंनी तसे केले नाही. पत्राचा रोख पतीवर नव्हता, प्रथेवर होता, आणि ती प्रथा टिकवून धरणाऱ्या समाजावर होता. स्वतःच्या दुःखाबद्दल त्या जितक्या मोकळेपणी बोलल्या, तितक्याच कसोशीने त्यांनी दुसऱ्या व्यक्तीचे नाव मजकुराबाहेर ठेवले.

यात सावधगिरीही होती. तपशील जितके कमी, तितकी ओळख पटण्याची शक्यता कमी. लेखिकेची सुरक्षितता आणि प्रतिपक्षाविषयीचा संयम या दोहोंची वाट येथे एकच होती.

१३/
सहीकडेही पुन्हा पाहावे. १८४१ मध्ये ‘अ हिंदू’, १८८५ मध्ये ‘अ हिंदू लेडी’. रखमाबाईंनी तर्खडकरांची पत्रे पाहिली असतील असे मानण्याचे कारण नाही. पण दोन्ही सह्यांची घडण सारखी आहे. दोघांनीही काल्पनिक नाव घेतले नाही. नाव काढून टाकले आणि ज्या जागेवरून आपण बोलतो ती जागा तेवढी ठेवली. वाचकाला लेखक कोण हे कळत नाही, मात्र त्याला बोलण्याचा अधिकार कशामुळे आहे हे कळते. बालविवाह भोगलेली हिंदू स्त्री बालविवाहावर बोलते आहे, एवढी ओळख त्या पत्राला पुरेशी होती.

भाषेची निवड मात्र दुधारी होती. इंग्रजीत लिहिल्यामुळे पत्र न्यायाधीश, अधिकारी आणि पदवीधर यांच्यापर्यंत तत्काळ पोहोचले. ज्यांचे दुःख त्यात मांडले होते त्या बहुसंख्य स्त्रियांना ते वाचता येणे शक्य नव्हते.

१४/
दुसरे पत्र १९ सप्टेंबर १८८५ चे. विषय सक्तीचे वैधव्य. सही तीच. दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. जे दोघे पती-पत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांतील स्त्रीला आता बळाने पतीच्या घरी धाडण्यास त्यांनी नकार दिला. निकालाने खळबळ माजली. १८८६ मध्ये अपिलात तो रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीसाठी परत आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : पतीकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतच्या तुरुंगवासाला तयार राहा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शवली.

आता लपण्यासारखे काही उरले नव्हते. रखमाबाई हे नाव मुंबईपासून लंडनपर्यंतच्या वृत्तपत्रांत छापले जात होते. केसरी त्यांच्या विरोधात होता. त्याच वर्षी दादाजींनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत आरोप थेट होते, रखमाबाईंवर आणि त्यांच्या घरच्या माणसांवर.

१५/
या पुस्तिकेला ‘एक हिंदू स्त्री’ने उत्तर दिले असते तर कोणी नवल मानले नसते, ती सही एव्हाना प्रसिद्ध होती आणि तिला वाचकही होते. उत्तर जून १८८७ मध्ये बॉम्बे गॅझेटमध्ये आले. त्याच वृत्तपत्रात, जेथे सेहेचाळीस वर्षांपूर्वी तर्खडकरांनी ‘अ हिंदू’ अशी सही केली होती. या वेळी वाद रूढीचा नव्हता. एका नावाच्या माणसाने नाव घेऊन केलेल्या आरोपांचा होता. रखमाबाईंनी ते उत्तर स्वतःच्या नावाने दिले.

१६/
जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि रखमाबाईंचा तुरुंगवास टळला. १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, पडदापद्धती नष्ट करण्याची गरज प्रतिपादन करणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखिकेचे नाव छापलेले होते.